टीएसएच आधी 8.2, अडीच महिन्यांत 0.06. थायरॉइड उलटं फिरलं का?

पळसफूल (मनीषनगर, नागपूर) · 11 नोव्हेंबर, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. धाकट्या जाऊबाईंचे दोन रिपोर्ट समोर आहेत आणि दोन्ही एकमेकांशी भांडून राहिले आहेत. जाणकारांनी जरा नजर टाकावी.

वय 34, वजन 62 किलो. मुलगा चार वर्षांचा. आधी थायरॉइडचा त्रास कधीच नव्हता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डेंग्यू झाला, प्लेटलेट 48 हजारांवर गेल्या, चार दिवस भरती. घरी आल्यावर पंधरा दिवसांनी, 26 ऑगस्टला, फुल बॉडीचं पॅकेज केलं. त्यात:
टी3 – 118 नॅनोग्रॅम/डेसिलिटर (80 ते 200)
टी4 – 7.9 मायक्रोग्रॅम/डेसिलिटर (5 ते 12)
टीएसएच – 8.2 (0.4 ते 4.5)

त्यावर थायरॉक्सिनची 25 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, 28 ऑगस्टपासून रोज. एकही दिवस चुकलेली नाही.

परवा 9 नोव्हेंबरला दुसऱ्या लॅबमध्ये फक्त थायरॉइड केलं:
एफटी3 – 7.9 पिकोग्रॅम/मिलिलिटर (2.3 ते 4.2)
एफटी4 – 2.7 नॅनोग्रॅम/डेसिलिटर (0.8 ते 1.8)
टीएसएच – 0.06

टीएसएच वर म्हणजे थायरॉइड कमी पडतंय आणि खाली म्हणजे जास्त होतंय, असं सांगतात. म्हणजे आधी कमी होतं ते आता जास्त झालं? घरात तीन मतं आहेत. एक म्हणतं, गोळीचा डोस जास्त झाला, बंद करा. दुसरं म्हणतं, हा वेगळाच थायरॉइड आहे, कार्बिमाझोल (थायरॉइडचा हार्मोन कमी करणारी गोळी) सुरू करा. तिसरं म्हणतं, लॅबनेच घोळ केला. जाऊबाईंना स्वतःला मात्र काही होत नाहीये. नाडी 74, वजन किलोभर वाढलं आहे, झोप नीट, हात थरथरत नाहीत. फक्त केस मुठीमुठीने गळतात, ऑक्टोबरच्या मध्यापासून. डॉक्टरांकडे शनिवारची वेळ आहे. तोवर काय करावं, काय करू नये?

---

पिवळं_झाकण · 11 नोव्हेंबर, रात्री 10:25

ताई, आधी एकच प्रश्न. केसांसाठी काही गोळी, गमी, पावडर सुरू आहे का? असेल तर तिच्या पाकिटावर बायोटिन किती लिहिलंय ते बघून सांगा. बाकीचं मग.

---

पळसफूल · 11 नोव्हेंबर, रात्री 10:48

हो! केस गळायला लागले तेव्हा कोणीतरी सुचवलं म्हणून 18 ऑक्टोबरपासून रोज सकाळी एक गोळी. पाकिटावर बायोटिन 10 मिलिग्रॅम लिहिलं आहे, सोबत झिंक वगैरे. 9 तारखेलाही ती घेऊनच लॅबमध्ये गेल्या होत्या. पण हे तर जीवनसत्त्व आहे ना? त्याचा थायरॉइडशी काय संबंध?

---

पिवळं_झाकण · 12 नोव्हेंबर, सकाळी 6:55

थायरॉइडशी काहीच संबंध नाही. संबंध मशीनशी आहे.

शरीराला दिवसाला बायोटिन लागतं सुमारे 30 मायक्रोग्रॅम. 10 मिलिग्रॅम म्हणजे 10,000 मायक्रोग्रॅम, गरजेच्या तीनशेपट. शरीर ते लघवीवाटे टाकून देतं, पण गोळी घेतल्यानंतरचे काही तास रक्तात त्याची नुसती गर्दी असते. आणि बऱ्याच मशीनच्या किटमध्ये पकडीचं काम बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन या जोडीवर चालतं. किटमधल्या अँटिबॉडीला बायोटिन चिकटवलेलं असतं, आणि ती जाऊन बसते स्ट्रेप्टॅव्हिडिन लावलेल्या कणांवर.

आता एसटी फलाटावर लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल टाकून सगळ्या जागा अडवलेल्या आहेत असं समजा. रक्तातलं फुकटचं बायोटिन हेच करतं. खरी अँटिबॉडी टीएसएचला धरून येते, पण तिला बसायला जागा नाही, ती धुतली जाते आणि मशीन मोजतं ती चमक कमी होते. टीएसएचच्या चाचणीत जितकी चमक कमी तितका टीएसएच कमी, म्हणून आकडा खोटा खाली येतो. एफटी4 आणि एफटी3 ची पद्धत उलटी आहे, तिथे चमक कमी म्हणजे हार्मोन जास्त असा हिशेब असतो. म्हणून ते आकडे खोटे वर जातात. टीएसएच खाली, एफटी4 वर, एफटी3 वर. कागदावर हुबेहूब ग्रेव्हज, म्हणजे ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवते तो आजार. ग्रेव्हज पक्का करायला जी टीएसएच-रिसेप्टर अँटिबॉडीची चाचणी करतात, तीही याच पद्धतीची असेल तर खोटी पॉझिटिव्ह येते. तेव्हा ती महागडी चाचणी आत्ता करून घेऊ नका, गोंधळात भरच पडेल.

सगळ्या लॅबला हे लागू नाही. काही कंपन्यांच्या किटमध्ये ही जोडीच नसते, आणि काहींनी नव्या किटमध्ये बायोटिन सहन करण्याची क्षमता वाढवली आहे. त्यामुळे एकाच दिवशी दोन लॅबमधून दोन टोकांचे रिपोर्ट येऊ शकतात आणि दोघांचंही काम चोख असू शकतं. लॅबला फोन करून विचारा: तुमची थायरॉइडची पद्धत बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनवर आहे का? नमुना अजून ठेवलेला आहे का? बरेच जण सीरम काही दिवस फ्रिजमध्ये ठेवतात. असेल तर दुसऱ्या पद्धतीवर तोच नमुना लावता येतो. नसेल तर सोपा मार्ग असा: केसांची गोळी आजपासून बंद. 10 मिलिग्रॅमला किमान दोन दिवसांचं अंतर सांगतात, तुम्ही सरळ आठवडाभर ठेवा, घाई काय आहे? मूत्रपिंडाचा आजार असेल तर अंतर आणखी लागतं, पण इथे तसं काही दिसत नाही.

दोन गोष्टी आणखी. पहिल्या रिपोर्टमधले टी3, टी4 हे 'टोटल' आहेत, दुसऱ्यातले 'फ्री'. 7.9 हा आकडा दोन्हीकडे आला आहे बघा, एकीकडे टी4, दुसरीकडे एफटी3. त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. टोटल टी4 मधला जवळजवळ सगळा भाग प्रथिनांना चिकटलेला असतो, म्हणून गर्भारपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर ती प्रथिनं वाढली की टोटल टी4 फुगतो, आजार नसताना. एफटी4 मोकळ्या भागाचा. पुढच्या वेळी पॅकेज नको, 'एफटी4 आणि टीएसएच' असं नाव घेऊन सांगा. काही लॅब एफटी4 पिकोमोल/लिटरमध्ये देतात. 1 नॅनोग्रॅम/डेसिलिटर म्हणजे सुमारे 12.9 पिकोमोल/लिटर. हे माहीत नसलं की 15 आकडा बघून लोक घाबरतात. तो तर एकदम नॉर्मल.

वेळ सकाळचीच ठेवा, दरवेळी तीच. टीएसएच मध्यरात्रीनंतर सगळ्यात वर असतो, दुपारी सगळ्यात खाली. सकाळी 8 ला 5.2 आलेला दुपारी जेवून गेलात तर 4 च्या आत येऊ शकतो. उपाशीपोटाची गरज थायरॉइडला नाही, ती पॅकेजमधल्या साखर-कोलेस्टेरॉलसाठी असते. मात्र त्या दिवशीची थायरॉक्सिनची गोळी रक्त दिल्यावर घ्या. घेऊन गेलं तर पुढचे काही तास एफटी4 थोडा चढलेला दिसतो.

---

दुपारची_ओपीडी · 12 नोव्हेंबर, दुपारी 3:10

वरचं बरोबर आहे. वैद्यकीय बाजू मी लिहितो.

घरातलं पहिलं मत, डोस जास्त झाला, हे गणितात बसत नाही. ज्याची ग्रंथी पूर्ण बंद आहे त्याला थायरॉक्सिन लागतं वजनाच्या किलोमागे साधारण 1.6 मायक्रोग्रॅम. 62 किलोला जवळजवळ 100. पंचवीस म्हणजे त्याचा चौथा हिस्सा. एवढ्याने एफटी4 2.7 वर आणि एफटी3 वरच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट जाणार नाही. शिवाय थायरॉक्सिनने टीएसएच दबला तर एफटी4 वर जातो, एफटी3 इतका उसळत नाही.

दुसरं मत, कार्बिमाझोल. हे आज सुरू करू नका. या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात. ते घेणाऱ्याला ताप आणि घसा दुखणं सुरू झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावं लागतं. यकृतालाही बाधा होऊ शकते, आणि गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत बाळाच्या घडणीला धोका असतो. इतकं औषध खोट्या आकड्यावर द्यायचं नाही. दिलं तर खरोखर काठावर असलेली ग्रंथी आणखी खाली ढकलली जाईल.

तरी खरी शक्यता एक तपासून बघावी लागेल. विषाणूच्या तापानंतर ग्रंथीला सूज येते, साठवलेला हार्मोन गळतो आणि टीएसएच काही आठवडे दबतो. त्यात गळ्याच्या पुढच्या भागात दुखतं, कधी कानापर्यंत कळ जाते, गिळताना त्रास होतो आणि ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) चांगलाच वाढलेला असतो. तिथेही कार्बिमाझोल निरुपयोगी आहे. ते नवं उत्पादन थांबवतं, आणि इथे तर जुनं कोठार फुटलेलं असतं. पण या सुजेचा क्रम आधी टीएसएच खाली आणि मग वर असा असतो. तुमच्याकडे उलटा आहे. गळा दुखत नाही, नाडी 74, वजन वाढतंय. एफटी3 दुप्पट असलेला माणूस असा शांत बसत नाही. उठल्याबरोबर, अंथरुणातच, पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. हात पुढे ताणून बोटांवर कागद ठेवा, थरथर लगेच दिसते. नाडी झोपेतून उठल्यावरही 100 च्या वर, धडधड, जुलाब, वजन उतरणं, यातलं काही असेल तर शनिवारची वाट बघू नका. नसेल तर शनिवार पुरेसा लवकर आहे.

आता पहिला रिपोर्ट. डेंग्यूसारख्या आजारात शरीर स्वतःहून थायरॉइडचं काम मंद करतं, आणि बरं होताना टीएसएच काही काळ वर उडी मारतो. ही उडी 10 पर्यंत, कधी 20 पर्यंतही जाते आणि आपोआप उतरते. भरतीतून सुटल्यावर पंधरा दिवसांनी आलेला 8.2 हा त्यामुळे अर्धवट पुरावा आहे. भरती असलेल्या किंवा नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाची थायरॉइड तपासणी ठोस संशय असल्याशिवाय करायची नाही आणि केलीच तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करायची, हा साधा नियम आहे. नागपुरात पावसाळ्यानंतर तापाची साथ आली की 'तापानंतरचं पॅकेज' करण्याची टूम असते, आणि त्यातून दरवर्षी असे टीएसएच निघतात.

8.2 बघून 'दुप्पट आजार' असंही समजू नका. टीएसएच हा मेंदूखालच्या पिट्यूटरीचा आवाज आहे, ग्रंथीचा नाही. एफटी4 निम्मा झाला तर टीएसएच जवळजवळ शंभरपट होतो. म्हणून एफटी4 मधला किरकोळ फरकही टीएसएचमध्ये मोठा दिसतो. तब्येत तीच असताना दोन तपासण्यांत टीएसएच 40-50 टक्के हलू शकतो. 5.1 चा 3.9 झाला तर औषध लागू पडलं असं नाही, आणि 3.9 चा 5.1 झाला तर आजार वाढला असंही नाही.

टीएसएच वर आणि एफटी4 नॉर्मल असेल तेव्हा माझा हिशेब असा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचा, सोबत अँटी-टीपीओ (थायरॉइड ग्रंथीविरुद्ध शरीरानेच बनवलेली अँटिबॉडी) एकदा. दोनदा 10 च्या वर असेल तर गोळी. 10 च्या खाली असेल तर वय, त्रास, गलगंड, कोलेस्टेरॉल आणि पुढच्या बाळाचा विचार बघून ठरवायचं. अँटी-टीपीओचं महत्त्व असं: इंग्लंडच्या व्हिकहॅम भागात लोकांना 20 वर्षं पाहिलं गेलं. टीएसएच वाढलेला आणि अँटिबॉडीही असलेल्या बायकांपैकी वर्षाला 4.3 टक्के पूर्ण हायपोथायरॉइड झाल्या, म्हणजे ग्रंथी खरोखरच कमी पडली. नुसता टीएसएच वाढलेल्यांत हेच प्रमाण 2.6 टक्के. म्हणजे अँटिबॉडी असली तरी बहुतेकींना घाई नसते, नजर मात्र ठेवावी लागते.

एक जोड तुमच्या प्रश्नात नाही, पण हा धागा वाचणाऱ्यांसाठी लिहितो, कारण नुसता टीएसएच करणाऱ्या पॅकेजमध्ये ती हमखास सुटते. एफटी4 कमी आणि टीएसएचही कमी, किंवा चक्क 'नॉर्मल'. इथे ग्रंथी ठीक आहे, हुकूम देणारी पिट्यूटरीच थकली आहे. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला, नंतर दूधच आलं नाही, पाळी परतली नाही, आणि पुढे कायमचा थकवा, असा इतिहास असेल तर हे डोक्यात आलंच पाहिजे. अशा बाईला थायरॉक्सिन देण्याआधी कॉर्टिसॉल (पिट्यूटरीच्याच हुकमावर बनणारा दुसरा हार्मोन) तपासावं लागतं. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉक्सिन दिलं तर जिवावर बेततं. आणि तिच्या डोसची तपासणी टीएसएचवर नाही, एफटी4 वर करायची.

तर शनिवारपर्यंत: 25 ची गोळी आहे तशी चालू ठेवा, केसांची बंद, नवी कोणतीच नाही. डॉक्टरांना बायोटिनचं पाकीटच नेऊन दाखवा.

---

पळसफूल · 12 नोव्हेंबर, रात्री 8:30

खूप आभार. लॅबला फोन केला, त्यांच्या मशीनची पद्धत तीच निघाली, नमुना मात्र टाकून दिला होता. केसांची गोळी आजपासून बंद केली आहे. 19 ला पुन्हा रक्त देतील. जाऊबाई पुढच्या वर्षी दुसऱ्या बाळाचा विचार करताहेत, हे आधी लिहायला हवं होतं.

त्याच पॅकेजमध्ये सासूबाईंचंही झालं होतं. वय 72, बीपीची गोळी, जेवणानंतर कॅल्शियम 500. टीएसएच 6.3. नंतर फक्त एफटी4 केला, तो 1.1. शेजारच्या काकूंनी स्वतःचीच 50 ची बाटली पुढे केली. घ्यावी का?

---

दुपारची_ओपीडी · 12 नोव्हेंबर, रात्री 9:15

काकूंना बाटली परत करा, प्रेमाने.

वयाबरोबर टीएसएचची वरची मर्यादा सरकते. ऐंशीच्या आसपास 7 ते 7.5 हा त्या वयाचा नॉर्मलच म्हणावा लागतो. लॅबच्या कागदावर छापलेली 4.5 ची रेघ तरुणांची आहे. 65 च्या पुढच्या, असाच थोडा टीएसएच वाढलेल्या लोकांना थायरॉक्सिन देऊन बघण्याचा मोठा युरोपीय अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. थकव्यात किंवा थायरॉइडच्या तक्रारीत काहीच फरक पडला नाही. उलट या वयात डोस जास्त झाला तर दोन ठिकाणी महागात पडतं, हृदयाची लय बिघडते आणि हाडं झिजतात. टीएसएच 0.1 च्या खाली राहिला तर धोका खराच.

तीन महिन्यांनी टीएसएच, एफटी4 परत. तसाच राहिला तर वर्षाकाठी एकदा. टिकून 10 च्या वर गेला तरच गोळी, आणि तीही 12.5 किंवा 25 पासून, आधी ईसीजी बघून. या वयात लक्ष्यही 4 ते 6 चालतं, 2 वर आणायचा हट्ट नको.

---

मेडिकल_काउंटर · 13 नोव्हेंबर, सकाळी 11:05

डॉक्टरसाहेबांनी डोस सांगितला, गोळीचं मी सांगतो. अर्धे 'वाढलेले' टीएसएच काउंटरवर अन् स्वयंपाकघरातच तयार होऊन राहिले, ग्रंथीत नाही.

पहिले बाटली वाचा. ही गोळी मायक्रोग्रॅममध्ये आहे, अन् 12.5 अन् 125 या दोन्ही बाटल्या दुकानात शेजारी शेजारी असतात. चिठ्ठीत टिंब अस्पष्ट असलं की दहापट फरक. घरी जायच्या आधी चिठ्ठी अन् लेबल समोरासमोर धरून आकडा मोठ्याने वाचा. कोणी 0.05 मिलिग्रॅम लिहिलं असेल तं ते 50 मायक्रोग्रॅमच. कंपनी एकच ठेवा. दुकानात ती नसली अन् दुसरी घेतली तं आभाळ कोसळत नाही, पण सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या. कंपनीगणिक गोळीतून मिळणाऱ्या औषधात थोडाफार फरक पडतो.

घ्यायची कशी? उठल्यावर, साध्या पाण्यासोबत, मग अर्धा ते एक तास काहीच नाही. चहापण नाही. इथेच आपलं अडते. नागपूरकर गोळी तोंडात टाकतो, गॅसवर आधण ठेवतो, पाच मिनिटांत दुधाचा चहा पोटात, अन् मग कोपऱ्यावर तर्री पोहे. गोळी आतड्यातून शोषली जायच्या आधीच दूध, कॉफी, न्याहारी तिच्यावर जाऊन बसते. ज्यांना सकाळी जमतच नाही त्यांनी रात्री झोपताना घ्यावी, जेवणानंतर तीन तासांनी. चालते. फक्त रोज एकच वेळ पाहिजे, आज सकाळी उद्या रात्री असं नाही.

कॅल्शियम, लोह, अँटासिड, सुक्रॅल्फेट, यांच्यात अन् थायरॉक्सिनमध्ये चार तास. गरोदर बायांचं इथे हमखास चुकते. लोहाची अन् कॅल्शियमची गोळी सकाळच्याच डब्यात भरून एका घोटात तिन्ही. लोह थायरॉक्सिनला पोटातच बांधून टाकते. पँटोप्रॅझोलसारखी आम्लाची गोळी रोजची झाली असेल तं डोस थोडा वाढवावा लागू शकतो, डॉक्टरांना सांगा. सोयाबीनचं पीठ, सोया चंक्स खाऊ नका असं नाही, पण गोळीपासून दूर. पानकोबी, फुलकोबी शिजवून खा, भाजीने काही बिघडत नाही. उपवासाला सैंधव चालते, पण घरात बाराही महिने सैंधवच वापरत असाल तं आयोडीन कुठून येईल? बहुतेक सैंधवात आयोडीन मिसळलेलं नसते.

गोळी चुकली तं? तिचा अर्धा अंश रक्तात आठवडाभर टिकते, म्हणून एक दिवस चुकला तं काही होत नाही. आठवलं की घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तं तरुण, धडधाकट माणसाने दोन घेतल्या तरी चालते. म्हाताऱ्यांनी अन् हृदयरोग्यांनी विचारल्याशिवाय नाही. पण काही लोक महिनाभर विसरतात अन् रक्त द्यायच्या आधीचे चार दिवस इमानदारीने घेतात. मग रिपोर्टमध्ये एफटी4 चांगला अन् टीएसएच वर. डॉक्टर डोस वाढवतात. टीएसएचला तुमची परीक्षेच्या आदल्या रातची तयारी समजत नाही, त्याला मागच्या सहा आठवड्यांचा हिशेब लागते.

आता आपल्या गावाची गोष्ट. या गोळीला ऊन, उजेड अन् ओल तिन्ही सोसत नाहीत. बाटलीवर तापमान लिहिलेलं असते, ते वाचा. मे महिन्यात, नवतपात, पारा 45 वर अन् तुमची बाटली गाडीच्या डिक्कीत? किंवा स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवर? औषध उतरते. मग थंड म्हणून लोक बाटली कूलरजवळच्या टेबलावर ठेवतात, तिथे पाण्याची ओल. घरातल्या सगळ्यात गार, कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवा. 100 गोळ्यांची बाटली असेल तं झाकण लगेच घट्ट लावा, अन् आतली ओल शोषणारी पुडी फेकून देऊ नका. प्लास्टिकच्या सात खणांच्या डब्यात एका वेळी एकाच आठवड्याच्या भरा. उन्हाळ्यात टीएसएच विनाकारण चढला तं डोस वाढवायच्या आधी बाटली कुठे ठेवता ते बघा.

---

पळसफूल · 20 नोव्हेंबर, संध्याकाळी 7:20

रिपोर्ट आला. तीच लॅब, सकाळी 8 वाजता, त्या दिवशीची गोळी नंतर, बायोटिन बंद करून आठ दिवस:
एफटी3 – 3.0
एफटी4 – 1.21
टीएसएच – 4.9
अँटी-टीपीओ – 212 (34 पर्यंत)

कार्बिमाझोलचं नाव आता घरात कोणी काढत नाही. डॉक्टरांनी शनिवारी पुढच्या रिपोर्टनंतर या असं सांगितलं होतं, त्यांची वेळ उद्या आहे. पण 25 ची गोळी सुरू असूनही 4.9, आणि अँटी-टीपीओ इतकी. हे डेंग्यूचंच आहे की खरं? 212 कमी करायला काही करतात का? आणि केसांचं काय?

---

दुपारची_ओपीडी · 20 नोव्हेंबर, रात्री 10:00

9 तारखेचा रिपोर्ट आता फाईलमधून काढू नका, पण त्यावर 'बायोटिन सुरू असताना' असं पेनाने लिहून ठेवा. नाहीतर दोन वर्षांनी एखादा नवा डॉक्टर त्यावरून ग्रेव्हजचा इतिहास लिहून मोकळा होईल.

डेंग्यूची उडी आतापर्यंत उतरायला हवी होती, तापाला साडेतीन महिने झाले. 25 चा आधार असताना 4.9 आणि सोबत अँटिबॉडी, म्हणजे ग्रंथी हळूहळू दमते आहे, हाशिमोटोची (शरीराच्याच अँटिबॉडी ग्रंथीवर उलटतात त्या आजाराची) सुरुवात. कार्बिमाझोल दिलं असतं तर नेमकं उलट्या दिशेचं औषध झालं असतं. 212 हा आकडा खाली आणण्याचं औषध नाही आणि गरजही नाही. अँटी-टीपीओ एकदा पॉझिटिव्ह आली की पुन्हा करू नका, 212 चे 400 झाले किंवा 150 झाले तरी उपचार बदलत नाहीत. सेलेनियमच्या गोळ्या कोणी सुचवल्या तर नको म्हणा.

बाळाचा विचार नसता तर मी थांबून बघा म्हटलं असतं. इथे आहे, म्हणून उद्या डॉक्टरांशी हे बोला: डोस 25 वरून 50, दोन 25 च्या घेतल्या तरी तेच. गर्भधारणेआधी टीएसएच 2.5 च्या खाली आणायचा. नवा डोस स्थिरावायला सहा आठवडे लागतात, त्याआधी तपासणं म्हणजे पैसे वाया. पाळी चुकली आणि घरची चाचणी पॉझिटिव्ह आली की सोनोग्राफीची वाट न बघता आठवड्याला 50 च्या सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन दिवस दुप्पट, आणि त्याच आठवड्यात डॉक्टर. हे आधीच त्यांच्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. बाळाची स्वतःची ग्रंथी पहिल्या तीनेक महिन्यांत काम करत नाही, तोवर सगळं आईच्या हार्मोनवर चालतं. नंतर अर्ध्या गर्भारपणापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, मग तिसाव्या आठवड्याच्या आसपास एकदा. बाळंतपण झालं की डोस आधीचा, आणि सहा आठवड्यांनी तपासणी. अँटिबॉडी असलेल्यांना बाळंतपणानंतरच्या वर्षात ग्रंथीला सूज येण्याची शक्यता जास्त असते, तेव्हा त्या काळात धडधड किंवा अकारण थकवा असेल तर 'झोप होत नाही म्हणून' असं परस्पर ठरवू नका.

केस: मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे मुठीने गळतात, वेळ अगदी जुळते. काही महिन्यांत आपोआप थांबतात आणि परत येतात. बायोटिनची कमतरता नसताना बायोटिनचा उपयोग नाही. त्याऐवजी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा, पाळी जास्त जात असेल तर नक्की. लोह सुरू झालं तर वरचा चार तासांचा नियम.

उद्या डोस बदलला तर पुढचं रक्त 2 जानेवारीला. डॉक्टरांना विचारून फॉलिक अॅसिड आतापासूनच सुरू करायला हरकत नाही. फक्त जी गोळी आणाल तिच्या पाकिटावर बायोटिन किती आहे ते आधी वाचा.